धागे मोजता येतील तिथपर्यंत चालत ये

समारंभाच्या माननीय अध्यक्ष, विश्वस्त मंडळाचे सदस्य, शिक्षकमंडळाच्या समन्वयक, व्यासपीठावरील पाहुणे, आजी-माजी शिक्षक, पालक, माझ्या वर्गातले जुने सोबती, पुढे सतरंजीवर बसलेली चौथीची मुलं, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या बाई,

सर्वांना नमस्कार. आधी झालं ते सांगते.

१. वीस वर्षांपूर्वी मी या शाळेत पहिलीत आले. वर्गशिक्षिका म्हणून बाईंचाही तो पहिलाच वर्ग होता.

२. तिसरीचं अर्धं वर्ष संपेपर्यंत मला फळ्यावरचं काहीही वाचता येत नव्हतं, कारण फळ्यावरचं मला दिसत नव्हतं.

३. हे बाईंना कळलं नाही. आई-बाबांना कळलं नाही. मलाही कळलं नाही.

४. एका मंगळवारी, शाळेच्या अंगणात, ते एका गवंड्याला कळलं.

५. त्याच आठवड्यात बाईंनी पालकसभेत उभं राहून सांगितलं की चूक आपली आहे.

६. मी शाळा सोडली नाही.

घडलं ते एवढंच. असं क्रमांक घालून बोलल्याबद्दल माफ करा; ती कामाची सवय आहे. मी मोजमापाची साधनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. कारखान्यांतून आमच्याकडे मायक्रोमीटर, व्हर्निअर, गेज येतात. ती बरोबर मोजतात का ते आम्ही बघतो आणि तसा दाखला देतो. आमच्या अहवालात आधी घटना लिहितात आणि मत शेवटी, तेही मागितलं तरच.

आजचं भाषण मात्र बाईंनी स्वतः मागितलं. गेल्या महिन्यात त्यांनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "माझ्याबद्दल चांगलं बोलायला बरेच जण आहेत. तू ती चूक सांग." मी विचारलं, "सगळी?" त्या म्हणाल्या, "अर्धी चूक कशी सांगतात गं?"

तर सगळी सांगते.

पाहुण्यांपैकी काहीजण आमच्या शाळेत पहिल्यांदाच आले असतील, म्हणून थोडं आमच्या पद्धतीबद्दल. ही वॉल्डॉर्फ पद्धतीची शाळा आहे. इथे पहिलीला जी वर्गशिक्षिका मिळते, तीच आठवीपर्यंत वर्गाबरोबर पुढे जाते. छापील पुस्तक नसतं. सकाळचे दोन तास एकच विषय तीन-चार आठवडे चालतो, आणि त्यातून जे शिकलो ते मुलं मोठ्या कोऱ्या वहीत मेणाच्या रंगांनी काढतात आणि लिहितात. ती वही हेच पुस्तक. परीक्षा नसते, गुण नसतात. लिहिण्याआधी विणकाम शिकतात. अक्षर आधी गोष्टीत येतं, मग चित्रात, मग जमिनीवर काढून त्यावरून चालायचं, आणि सगळ्यात शेवटी ते कागदावर उतरतं. वाचन तर त्याच्याही नंतर, मूल तयार होईल तेव्हा.

आता कल्पना करा, अशा शाळेत लांबचं न दिसणारी एक मुलगी बसली आहे. तिला कोण पकडणार?

जमिनीवरचं अक्षर मी पायांनी शिकले. ते मला चांगलं येत होतं. कविता रोज सकाळी सगळा वर्ग एकसुरात म्हणायचा, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात ती मला पाठ असायची. मग बाई ती फळ्यावर लिहायच्या आणि एकेकाला वाचायला सांगायच्या. मी उठून पुढे जायचे, ओळीखाली बोट धरायचे आणि खडाखडा म्हणायचे. माझं बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंड चौथ्या ओळीवर असायचं, असं माझ्या वर्गातले लोक नंतर सांगायला लागले. तेव्हा कुणी बोललं नाही. बाईंना वाटायचं, हिला लय समजली आहे.

फळ्यावरून वहीत उतरवायचं असलं की माझ्या शेजारी भोंगा होता. त्याचं खरं नाव मी इथे घेत नाही, कारण ते घेतलं तर तुमच्यापैकी कुणी त्याला ओळखणार नाही. तो कानात कुजबुजला तरी ते शेजारच्या वर्गात ऐकू जायचं, म्हणून भोंगा. आजचा हा माइक आणि हे स्पीकर त्याचेच आहेत, यात मला तरी नवल वाटत नाही. भोंग्याला लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणायची खोड होती. मी ऐकून लिहायचे आणि चित्र त्याच्या वहीतून काढायचे. त्याने गायीला पाच पाय काढले तर माझ्याही गायीला पाच. बाईंना वाटायचं आमची मैत्री फार घट्ट आहे. मैत्री होती. पण तिचा मला उपयोगही होत होता.

आणि रोज सकाळी दारात बाई प्रत्येकाशी हात मिळवायच्या. अजूनही मिळवतात, चौथीच्या मुलांना विचारा. हात हातात घेऊन डोळ्यांत बघायचं, नाव घ्यायचं, मग आत. त्यावरून त्यांना कळायचं कुणाला ताप आहे, कोण घरून भांडून आलंय, कुणी नाश्ता केलेला नाही. एका हाताच्या अंतरावर मला बाईंचा चेहरा पुरेसा दिसायचा. मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघायचे. म्हणजे रोज सकाळी, जिथे माझी तपासणी व्हायला हवी होती, तिथे बरोबर त्याच अंतरावर मी पास व्हायचे.

सगळ्यात वाईट म्हणजे चित्रकला. आमच्याकडे लहान वर्गांत ओल्या कागदावर ओला रंग लावतात. रेघ काढायची नाही, कडा नाही. पिवळा निळ्यात जाऊ द्यायचा आणि काय होतं ते बघायचं. मला यात काही अडचण नव्हती. मला झाड तसंच दिसायचं. दुसरीत माझं एक चित्र बाईंनी भिंतीवर लावलं आणि वर्गाला म्हणाल्या, "बघा, हिने कुठेही रेघ शोधली नाही. किती मोकळे रंग आहेत!" ते चित्र वर्षभर भिंतीवर होतं. मी ज्याला झाड समजून काढलं होतं, त्याला बाई पहाट समजल्या होत्या.

(हसा, हरकत नाही. बाईसुद्धा हसताहेत.)

दुसरीत असताना बाबा त्यांना भेटायला आले. बाबा कारखान्यात लेथवर काम करायचे. आता निवृत्त आहेत. तिसऱ्या रांगेत डावीकडे बसलेत आणि बुटांकडे बघताहेत. ते म्हणाले, "बाई, माझ्या मेहुण्याची पोरगी हिच्याच वयाची. दुकानांच्या पाट्या वाचत रस्त्याने चालते. आमची ही पाटीकडे मान वळवून बघतसुद्धा नाही."

बाई म्हणाल्या, "बघेल. पुढचे दात आले का तिचे सगळे?"

"दात?"

"दुधाचे दात पडून नवे आले की मूल शिकायला तयार झालं, असं आम्ही मानतो."

"बाई, दातांनी कोण वाचतं?"

"घाई करू नका. प्रत्येक मुलाची वेळ वेगळी असते."

"आमच्याकडे मशीन आवाज करायला लागलं तर आम्ही त्याची वेळ यायची वाट बघत नाही. खोलून बघतो."

"मूल मशीन नाही हो."

"ते मलाही कळतं, बाई. म्हणूनच विचारायला आलो."

हा संवाद मला दोघांनीही वेगवेगळा सांगितला आहे, आणि दोन्ही नोंदी जुळतात. फरक एवढाच की बाबांच्या आवृत्तीत ते जरा जास्त नम्र असतात.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट करायची आहे. बाई निष्काळजी नव्हत्या. निष्काळजी शिक्षक असता तर त्याने मला ढ ठरवलं असतं, आईबाबांना बोलावून ओरडला असता, आणि कुणीतरी वैतागून मला डॉक्टरांकडे नेलं असतं. बाई वाट बघत होत्या. मुलाला घाई न करणं हे त्यांनी शिकलेलं, त्यांना पटलेलं काम होतं आणि ते त्या मनापासून करत होत्या. त्यामुळे माझं प्रत्येक लक्षण त्यांना दुसऱ्याच कशाचं तरी चांगलं लक्षण वाटलं. ही चूक अशाच शाळेत, अशाच चांगल्या शिक्षिकेकडून होऊ शकते.

मग तिसरी. तिसरीत आमच्याकडे घरबांधणीचा आणि मोजमापाचा पाठ असतो. मुलं आधी वीत, हात, पावलं यांनी मोजतात, मग मीटरने, आणि काहीतरी खरंखुरं बांधतात. आम्ही भाजीच्या वाफ्याभोवती गुडघ्याएवढी विटांची भिंत बांधत होतो. ती अजून आहे. उत्तरेकडची बाजू बावीस मिलिमीटरने बाहेर गेली आहे, परवा मोजली. शिकवायला एक गवंडीकाका आठवड्यातून दोनदा यायचे.

बाईंचा नियम होता, आधी अंदाज, मग माप. त्या मंगळवारी त्यांनी मला विचारलं, "इथून नळापर्यंत किती पावलं असतील?"

मी विचारलं, "कुठला नळ?"

सगळे हसले. भोंगा म्हणाला, "अगं, तोच! ज्याच्याखाली काल माझी टोपी भिजवलीस!"

मला वाटलं अजून एखादा नळ असेल. मी नळापर्यंत रोज जायचे, पण रस्ता पाठ होता म्हणून. इथून नळ दिसतो, ही गोष्ट मला माहीतच नव्हती. इतरांना लांबून दिसतं हेच मला माहीत नव्हतं. त्यांना नळ कुठे आहे ते माझ्यापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं मी समजत होते.

गवंडीकाकांनी हातातली थापी खाली ठेवली. मला म्हणाले, "पोरी, तिथनंच सांग. ही दोरी विटेला टेकलीय का वर आहे?"

मी विचारलं, "कुठली दोरी?"

काकांनी बाईंकडे बघितलं. "बाई, हिला दिसत नाही."

बाई म्हणाल्या, "ती जरा स्वप्नाळू आहे."

काका म्हणाले, "असेल की. पण दिसत नाही."

पुढचं मला नीट आठवतं. बाई आत गेल्या आणि विणकामाच्या टोपलीतली लाल लोकर घेऊन आल्या. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या, लोकरीचे काही धागे दोन हातांत ताणून धरले आणि म्हणाल्या, "धागे मोजता येतील तिथपर्यंत चालत ये. आले की थांब." मी चालायला लागले. चालत राहिले. वर्गातलं कुणी हसेना. धागे मोजता आले तेव्हा बाई आणि मी यांच्यात माझी दोन पावलं उरली होती. धागे चार होते. मी "चार" म्हटलं आणि बाईंनी धागे खाली घेतले.

गुरुवारी मला चष्मा लागला. उणे साडेतीन.

शुक्रवारी मी वर्गात आले. फळ्यावर बाईंनी रंगीत खडूंनी काढलेलं एक जहाज होतं. तीन आठवडे ते तिथे होतं आणि मी त्याला निळा ढग समजत होते. मी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाई, जहाजाला इतक्या दोऱ्या कशाला?" बाईंनी त्या दिवशीचा ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि प्रत्येक दोरी कशासाठी असते ते सांगितलं. त्यांनाही सगळ्या माहीत नव्हत्या. तीन दोऱ्यांबद्दल त्या म्हणाल्या, "या मी उगीच काढल्यात, जागा रिकामी दिसत होती म्हणून."

चष्म्यानंतर माझी चित्रं बिघडली, हेही सांगायला हवं. मी कडा काढायला लागले. पानाला शिरासुद्धा काढायला लागले. ओल्या कागदावर ते फार वाईट दिसायचं. एकदा मी विचारलं की हे चुकतंय का. बाई म्हणाल्या, "काढ गं. आत्ताच तर दिसायला लागलंय."

त्याच शुक्रवारी संध्याकाळी पालकसभा होती. मी तिथे नव्हते. आईकडून ऐकलं आहे. बाबा खिशात शाळा सोडण्याचा अर्ज घेऊन गेले होते. बाईंनी सुरुवातीलाच उभं राहून सांगितलं की अडीच वर्षं एका मुलीला दिसत नव्हतं, ते आपल्याला कळलं नाही, आणि ही चूक आपली आहे. तेव्हाचे मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, चूक कशाला म्हणता? निरीक्षण थोडं कमी पडलं, असं म्हणू."

बाई म्हणाल्या, "निरीक्षण रोज करत होते, सर. मला हवं तेवढंच बघत होते."

मग बाबा उठले. आई म्हणते, तिने त्यांचा शर्ट मागून धरला होता. बाबा म्हणाले, "बाई, मी रोज मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. पोरगी माझ्याच घरात राहते. मलाही नाही दिसलं." एवढं बोलून खाली बसले. थोड्या वेळाने पुन्हा उठले. "पण आता पुढे काय करणार, ते सांगा."

"पुढच्या प्रत्येक मुलाला धागे मोजायला लावीन," बाई म्हणाल्या.

अर्ज खिशातच राहिला आणि सोमवारी शर्टाबरोबर धुतला गेला.

आता मुद्द्यावर येते. बाईंनी शब्द पाळला. त्या वर्षापासून दर वर्षी शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात नवी पहिली त्यांच्या व्हरांड्यातून जाते. एकेक मूल लांबून चालत येतं आणि धागे मोजतं. मग बाई त्याच्या पाठीमागे उभ्या राहून हळू आवाजात एखाद्या प्राण्याचं नाव घेतात आणि मुलाने तो आवाज काढायचा. तिसरीत गेल्यावर पुन्हा एकदा, आणि त्या वेळी एक कधीही न ऐकलेली ओळ वाचायची. मुलांना हा खेळ वाटतो. पहिल्या वर्षी बाईंनी सगळ्यांना पाचच धागे दाखवले. दुसऱ्या मुलानंतर बाहेरची अख्खी रांग "पाच! पाच!" ओरडायला लागली आणि एक मुलगा तर दाराबाहेरूनच उत्तर देऊन घरी गेला. तेव्हापासून धागे बदलतात.

हे सगळं बाईंनी एका वहीत लिहून ठेवलं आहे. गेल्या महिन्यात ती वही त्यांनी माझ्याकडे दिली. म्हणाल्या, "मोजमाप तुझा विषय. बघ काही अर्थ आहे का."

मी तीन रविवार बसून बघितली आणि त्यांना भेटायला गेले. मी म्हटलं, "बाई, पद्धतीत तीन दोष आहेत."

"तीनच?"

"मोठे तीन."

"सांग."

सांगितले. व्हरांड्यात सकाळी आणि दुपारी उजेड वेगळा असतो. लोकर वर्षागणिक फिकी होत गेली आणि मध्येच नवी आणली गेली. आणि दोन्ही डोळे एकदम तपासले जातात, त्यामुळे एकाच डोळ्याने अधू असलेलं मूल निसटतं. बाई सगळं ऐकून घेतात, तसं त्यांनी घेतलं. मग विचारलं, "मग सतरा वर्षं वाया?"

वाया नाही. आकडे असे. सतरा वर्षांत चारशे अकरा मुलं. त्यातली सदतीस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवली, एकतीस जणांना चष्मा लागला. नऊ जण कानाच्या डॉक्टरांकडे गेले, पाच जणांना उपचार लागले. सहा मुलं निसटली आणि नंतर दुसरीकडे सापडली. त्या सहांतला एक मुलगा बाईंनी आमच्यानंतर घेतलेल्या, त्यांच्या स्वतःच्याच वर्गातला होता, डावा डोळा. त्या पानावर बाईंनी फक्त "पुन्हा" असं लिहिलं आहे.

लोकरीने जे साधलं ते हे. जे निसटलं ते डोळे तपासायच्या साध्या तक्त्याने, ठरलेल्या अंतरावर, एक डोळा झाकून तपासलं असतं तर निसटलं नसतं. शहराच्या दवाखान्यातली परिचारिका वर्षातून दोन सकाळी येऊन हे करायला तयार आहे. मी तिच्याशी बोलले आहे.

बाईंनी तक्त्याची ही गोष्ट याआधी शिक्षकमंडळापुढे तीनदा मांडली. तिन्ही सभांची टिपणं मी वाचली. तिन्ही ठिकाणी एकच वाक्य आहे: विषय महत्त्वाचा असून विचाराधीन आहे. आक्षेप काय होता तेही लिहिलं आहे, आणि तो हसण्यासारखा नाही. आक्षेप असा की पहिलीच्या मुलाला शाळेच्या पहिल्याच आठवड्यात तक्त्यासमोर उभं केलं तर त्याला पहिला धडा काय मिळतो? की तुला इथे तपासतात. आपण तर बरोबर याच्याविरुद्ध उभे आहोत.

मी या शाळेत आठ वर्षं काढली आहेत. मला कधीही गुण मिळाले नाहीत, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी आज दिवसभर मोजते, पण काय मोजायचं नाही हे मला इथेच कळलं. मुलाची समज, त्याची गती, त्याचं चित्र यांना पट्टी लावायला या, असं मी कुणाला म्हणणार नाही. तक्ता खेळासारखा करता येईल. बाईंनी लोकरीचा केला होता. पण मूल फळ्याकडे बघतंय आणि त्याला फळा दिसतोय की नाही, हे वाट बघून कळत नाही. माझ्या बाबतीत अडीच वर्षं वाट बघून झाली. अंगणात भिंत शिकवायला आलेल्या माणसाने एक प्रश्न विचारला आणि काम झालं. तो गवंडी त्या वर्षी आलाच नसता तर?

आतापर्यंत हे सगळं एका माणसाच्या शब्दावर चाललं. शिक्षकमंडळाचा ठराव नाही, वेळापत्रकात जागा नाही. दोन वर्षी नव्या वर्गशिक्षकांना हे पटलं नाही आणि त्यांनी आपला वर्ग व्हरांड्यात पाठवला नाही. वहीत ती दोन पानं कोरी आहेत. निसटलेल्या सहा मुलांतली तीन त्या दोन वर्षांतली. आता बाई जाताहेत. चौथीच्या मुलांना नव्या बाई मिळतील आणि त्या चांगल्या असतील, याची मला खात्री आहे. पण पुढच्या महिन्यात एक तारखेला पहिलीत सव्वीस मुलं येणार आहेत. त्यांच्यासाठी व्हरांड्यात कोण उभं राहणार, हे आज या सभागृहात कुणालाच सांगता येणार नाही. बाईंनाही नाही. गेले दोन महिने त्यांना झोप लागत नाही ती निवृत्तीमुळे, असं घरच्यांना वाटतं. कारण हे आहे.

आज सकाळी मी त्यांना सांगितलं की मी हा विषय व्यासपीठावरून मांडणार आहे.

बाई म्हणाल्या, "अगं, निरोप समारंभ आहे. सभा नाही."

"मग सभा कधी आहे?"

"मी गेल्यावर."

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्यावर बाईंनी माझा हात हातात घेतला आणि डोळ्यांत बघितलं, दारात बघायच्या तसं. मग म्हणाल्या, "नाश्ता केला नाहीस." केला नव्हता.

मला दिलेली दहा मिनिटं संपून गेली आहेत. समन्वयकताई दोनदा घड्याळाकडे बघून गेल्या, मी पाहिलं. संयोजकांनी मला बोलायला बोलावलं त्याबद्दल त्यांची मी आभारी आहे. गवंडीकाका आज हयात नाहीत. त्यांची मुलगी मागे उभी आहे, तिचेही आभार. भोंग्याचे आभार, माइकबद्दल आणि पाच पायांच्या गायीबद्दल. बाबा, तुम्हाला न विचारता तुमच्या गोष्टी सांगितल्या, घरी गेल्यावर बोला. आनंदाच्या प्रसंगी मी आकडे आणले, कुणाला ते खटकलं असेल, बोलण्यात कुठे मर्यादा सुटली असेल, तर ती चूक माझी समजा, बाईंची नव्हे. आणि बाई, माझ्याबद्दल तुमची चूक झाली होती, ती तुम्ही दुरुस्त केलीत. याच्यापुढे मला चांगलं बोलता येत नाही.

अध्यक्ष महोदया, सकाळी कार्यालयात मी एक पत्र दिलं आहे. सही माझी आणि चोपन्न माजी विद्यार्थी-पालकांची. त्यात एकच विनंती आहे: दर वर्षी पहिली आणि तिसरीच्या मुलांचे डोळे आणि कान परिचारिकेकडून तपासले जावेत, असा ठराव करावा. आपला निर्णय होकार असेल किंवा नकार असेल, दोन्ही चालेल, आम्ही त्याप्रमाणे पुढचं ठरवू. फक्त विचाराधीन असं लिहू नये. उत्तर लेखी असावं आणि ते येत्या वीस तारखेपर्यंत, शुक्रवारी शाळा सुटायच्या आत, बाईंच्या हातात द्यावं. त्या दिवसापर्यंत त्या या शाळेच्या शिक्षिका आहेत.